पोटाला घातलेलं प्लास्टर

"हितं दुकतंय का गं?" असं म्हणून त्या बाईनं चार बोटं पोरीच्या पोटात रुतवली. पोरगी किंचाळली. बाई समाधानानं माझ्याकडे वळून म्हणाली, "दुकतंय बघा डाक्टर."

मी विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"मी कुनी न्हाई. त्या पलीकडच्या कॉटवर आमचं दाजी हाईत, त्यास्नी बघाय आलीया. म्हनलं जाता जाता हिला बी बघावं."

जाता जाता! देवळावरून जाताना माणूस घंटा वाजवतो ना, तसं. त्या सकाळपासून शालनच्या पोटावर किती हात पडले होते, देव जाणे. आणि त्या पोटावर कुणाचाही हात न पडणं हाच त्या वेळी तिचा उपचार होता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीतलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल. नाव सांगत नाही, कारण तिथले एक माजी ट्रस्टी अजून मला लग्नाकार्यात भेटतात. मी तिथं नवा सर्जन. माझ्यावर मोठे डॉक्टर. त्यांना सगळे मोठे डॉक्टरच म्हणायचे आणि त्यांनाही ते पटलेलं होतं.

शालन शिराळ्याकडच्या एका खेड्यातली, आठ-नऊ वर्षांची. नागपंचमीला गावात चिंचेला झोका बांधला होता. दोघी जणी फळीवर उभ्या राहून झोका चढवत होत्या. शालनचा पाय निसटला, ती खाली पडली. उठून उभी राहतेय तोवर फळी माघारी आली आणि तिच्या डाव्या बरगड्यांखाली बसली. पोरगी चालत घरी गेली, उलटी केली आणि पांढरीफटक पडली. डावा खांदा दुखतोय म्हणाली, म्हणून घरच्यांनी आधी खांदा चोळला. यात त्यांची चूक नाही. पोटात डाव्या बाजूला रक्त साचलं की छाती आणि पोटामधला पडदा चिडतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. हे आम्हाला पुस्तकात शिकवतात. खांद्याला तेल लावायला शिकवत नाहीत, इतकाच फरक.

त्या कोपऱ्यात डाव्या बरगड्यांच्या आड असते स्प्लीन, म्हणजे पाणथरी. मऊ, रक्तानं भरलेली. तिला चीर गेली की रक्त वाहतं. पण लहान मुलांची स्प्लीन मोठी गुणी असते. बऱ्याचदा चिरेवर रक्ताची गुठळी धरते आणि रक्त आपोआप थांबतं. ती गुठळी टिकली तर पोरगं वाचतं. कुणी पोट दाबलं, चोळलं आणि ती निसटली, तर पुन्हा धार लागते.

आता तुम्ही म्हणाल, सीटी स्कॅन का नाही केला? अहो, तेव्हा सांगलीत सीटी स्कॅन हे नावही कुणी ऐकलं नव्हतं. सोनोग्राफी नव्हती. आमच्याकडे होती नाडी, बीपी, हिमोग्लोबिन, पोटाचा घेर मोजायला शिंप्याची टेप आणि आपला हात. तोही एकाच माणसाचा हात. कारण पोट मऊ आहे की कडक व्हायला लागलंय, हे पहिल्यापासून ज्यानं पाहिलंय त्यालाच कळतं. दर वेळी नवा डॉक्टर आला तर दर वेळी नवं पोट सापडतं.

एक्स-रे मात्र होता. शालनचे आजोबा सुभेदार, फौजेतून रिटायर झालेले, ताठ मिशांचे. त्यांनी आल्या आल्या ऑर्डर सोडली, "पैला फोटू काडा." मी सांगितलं, "आबा, या फोटोत हाडं दिसतात. पाणथरी दिसत नाही." ते म्हणाले, "दिसंल की. मशीन न्हवं का!" बरगडी मोडली आहे का हे मला पाहायचंच होतं, म्हणून काढला. बरगडी शाबूत होती. पुढं ती फिल्म सुभेदारांनी ताब्यात घेतली आणि येईल त्याला खिडकीपाशी नेऊन समजावून सांगू लागले. "हे काळं दिसतंय न्हवं, हितंच लागलंय." ते काळं म्हणजे आतड्यातला गॅस होता. पण ऐकणारे माना डोलवत होते.

मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी चार्ट बघितला, पोरीकडे बघितलं नाही.

"स्प्लीन?"

"हो सर. सलाइनवर नाडी खाली आलीय. बीपी धरून आहे."

"मग कशाची वाट बघताय? ओपन करा, काढून टाका. स्प्लीनवाचून कुणाचं अडत नाही."

"सर, लहान मुलांचं अडतं. स्प्लीन काढलेली मुलं पुढं साध्या तापानं दगावतात. मुंबईला आमच्या सरांनी अशी मुलं नुसती देखरेखीखाली ठेवून बरी केलीत."

"मुंबईत!" त्यांनी चष्मा काढला. ते चष्मा काढायचे तेव्हा सिस्टर लोक मागे सरकायचे. "मुंबईत समुद्रही आहे. बरं, ठेवा. पण नाडी वर गेली की टेबलवर घ्यायची. आणि पोरीला काही झालं तर तिच्या त्या मिशीवाल्या आजोबाशी तुम्ही बोलायचं, मी नाही."

म्हणजे गणित सरळ होतं. नाडी शांत राहिली तर शालनची स्प्लीन वाचणार. नाडी चढली तर स्प्लीन जाणार. आणि उशीर झाला तर शालनच जाणार. मी बाहेर येऊन घरच्यांना सांगितलं, "हिला हलू द्यायचं नाही, खायला द्यायचं नाही आणि पोटाला कुणी हात लावायचा नाही. मी एकटाच तपासणार."

शालनची आत्ती, म्हणजे बापाची बहीण, पदर खोचून पुढं आली. "आनि औशीद?"

"हेच औषध."

"न्हाई, मंजी सुई, गोळी, ऑपरेशान, काय तरी?"

"काही नाही. नुसतं पडून राहायचं."

आत्तीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पगार घेऊन झोपा काढतो. तिचं तरी काय चुकलं? डॉक्टर काही करत नाही, हे आपल्या माणसाला सहन होत नाही. डॉक्टरनं काही तरी टोचावं, कापावं, बांधावं. नुसतं बघत बसायला घरची म्हातारी आहे की!

मग दर्शन सुरू झालं. आमच्या भागात आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे. न गेलं तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं खावं लागतं. उसाच्या ट्रॉलीतून माणसं यायची. शहाळी, केळी, बिस्किटांचे पुडे, सगळं त्या पोरीच्या उशाशी, जिला पाण्याचा घोटही बंद होता. आणि नुसतं येऊन बघून जाणं म्हणजे भेट नव्हे. हात लावून "हितं दुकतंय का?" विचारलं, पोरगी विव्हळली, मग "लय लागलंय गं बाई" म्हटलं, की भेट पावली.

मी कॉटला पाटी लावली, "पोटास हात लावू नये." ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी हात लावला. ज्यांना येत होतं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग हात लावला. एका मास्तरांनी तर "नये" हा शब्द योग्य आहे असं मला सांगून, नक्की कुठं लावू नये ते बोटानं दाबून दाखवलं.

मग मी स्टोअरमधून क्रेडल मागवली. क्रेडल म्हणजे लोखंडी कमान. भाजलेल्या पेशंटच्या अंगाला चादर चिकटू नये म्हणून कॉटवर ठेवतात. म्हटलं, आता पोटावर पिंजराच आला. जेवून येतो तर कमानीला शहाळ्यांची पिशवी टांगलेली, आणि कमानीखालून एका मामांचा हात आत गेलेला.

माझं डोकं फिरलं. मी वॉर्डाच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "पोरीला रक्त लागणार आहे. जेवढे नातेवाईक आहेत त्यांनी लायनीत उभं राहा, ग्रुप तपासायचा आहे!"

काय सांगू तुम्हाला! वॉर्ड असा रिकामा झाला की झाडूवाल्यानं आनंदानं फरशी पुसून घेतली. कुणाला उसाला पाणी सोडायचं होतं, कुणाची शेवटची एस.टी. होती. मामांना तर एकाएकी चक्कर आली. जागेवर उरले फक्त सुभेदार. ते सदऱ्याची बाही वर करून म्हणाले, "माजं घ्या. लागंल तेवडं घ्या. ही लाइन कवाच भरायची न्हाई, डाक्टर." ग्रुप जुळला. त्यांची बाटली काढून आम्ही फ्रिजमध्ये ठेवली. तेव्हा पहिल्यांदा मला त्या माणसाविषयी बरं वाटलं.

पण रक्ताची भीती एका दुपारपुरती टिकली. दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलो होतो. मार्था सिस्टर, आमच्या वॉर्डच्या इनचार्ज, धावत दाराशी आल्या. मार्था सिस्टर कधी धावत नसत. "डॉक्टर, लवकर या. पोरीचं पोट चोळतायत."

उरलेले टाके असिस्टंटवर सोडून मी ग्लोव्हज काढत पळालो. शालनच्या कॉटला नऊवारी लुगड्यांचं कडं. मधोमध आत्ती, आणि गावाहून खास बोलावून आणलेली एक म्हातारी. हातात तेलाची वाटी. बाजूला पेटता दिवा आणि पितळेचा तांब्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. पोट दुखलं की आमच्याकडे बेंबी सरकली असं समजतात. मग पोट चोळून, बेंबीवर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालतात. तांब्या पोटाला गच्च चिकटतो आणि बेंबी म्हणे जागेवर येते. गॅस झालेल्या माणसाला यानं बरं वाटतही असेल. स्प्लीन फाटलेल्या पोरीला यानं काय होईल, ते मला कळत होतं.

तांब्या अजून लागायचा होता. चोळणं झालं होतं.

"कुणी परवानगी दिली?"

आत्ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमी काय करंना झालाय, म्हून आमीच केलं."

नाडी बघितली. चढली होती. शालन घामेजलेली, ओठ फिकट. पोट डावीकडे कडक लागायला लागलं होतं. मी सुभेदारांचं रक्त चढवायला लावलं आणि थिएटर तयार ठेवायला सांगितलं. मोठे डॉक्टर आले, नाडी धरली आणि म्हणाले, "झालं तुमचं मुंबई? घ्या टेबलवर."

"सर, ही बाटली संपेपर्यंत. संपल्यावर नाडी उतरली नाही तर मी स्वतः उघडतो."

ते खुर्ची ओढून कॉटशेजारी बसले. इतक्या वर्षांत त्यांना वॉर्डात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बोलायला माणूस कडू होता, पण पोरीचं मनगट त्यांनी सोडलं नाही, हेही सांगायला हवं. सुभेदार पायथ्याशी अटेन्शनमध्ये उभे. आत्ती भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती. तिचा भाचीवर जीव होता हो. जीव होता म्हणूनच तर ती तिला मारायला निघाली होती.

बाटली उतरत गेली, तशी नाडीही उतरत गेली. मी पोटावर हात ठेवला. पहिल्यापेक्षा मऊ. पुन्हा थोड्या वेळानं ठेवला. मऊच. गुठळी परत धरली होती. मोठे डॉक्टर उठले. "नशीबवान आहात," म्हणाले. कोण, ते सांगितलं नाही.

पण पुढं काय? हे असंच किती दिवस चालणार? मी वॉर्डात येरझाऱ्या घालत होतो आणि लक्ष गेलं समोरच्या कॉटकडे. तिथं बाबालाल होता, माधवनगरच्या गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम. पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. त्यालाही भेटायला गिरणीतली अख्खी शिफ्ट यायची. पण कुणी त्याच्या पायाला हात लावत नव्हतं! लांबूनच बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "मोठं काम झालंय." प्लास्टर दिसतंय ना, म्हणजे डॉक्टरनं काही तरी केलंय. पक्कं काम झालंय. आता आपण हात घालायचं कारण नाही.

बस्स! मी प्लास्टर रूममध्ये गेलो. ओलं प्लास्टर पोरीच्या पोटावर थापायचं नव्हतं, म्हणून एका जाड उशीवर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून मोठी टोपली केल्यासारखं कवच केलं. उन्हात वाळवलं. मग ते शालनवर असं ठेवलं की कडा दोन्हीकडं गादीवर टेकतील आणि पोटाला आतून स्पर्शही होणार नाही. वरून ऐटीत बँडेज बांधलं. मला तपासायचं असलं की एक गाठ सोडायची आणि डब्याचं झाकण उघडावं तसं उघडायचं.

मार्था सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"अजून छापायचं आहे."

सुभेदारांशी मात्र खरं बोललो. त्या माणसानं रक्त दिलं होतं. "आबा, या प्लास्टरमध्ये औषध काही नाही. लोकांचे हात अडवायला भिंत बांधलीय फक्त."

त्यांनी कवचाभोवती एक चक्कर मारली, वाकून कडा तपासल्या. "हां. बंकर म्हना की."

"बंकरच."

"मग पैलं का न्हाई सांगितलं?" म्हणाले आणि कॉटशेजारी स्टूल टाकून बसले. एका बाजूला सुभेदार, समोरून बाबालालची नजर. कुणी जवळ आलं की बाबालाल कॉटवरून हाक द्यायचा, "ओ पाव्हनं, प्लास्टर कच्चं हाय, लांबनं बघा!" शहाळी आता त्या दोघांत वाटली जायची. आणि चमत्कार बघा, लोक लांब उभे राहायला लागले. आत्ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आता कसं बरूबर उपचार चालू झालं. आदी नुसतं झोपवून ठिवलं हुतं."

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले आणि थबकले.

"हे काय? पोटाला फ्रॅक्चर झालंय?"

"नाही सर. नातेवाइकांसाठी आहे."

त्यांनी चष्मा काढला. सिस्टर मागे सरकल्या. ते काही बोलणार इतक्यात आमचे चेअरमन आले, आपल्या लवाजम्यासह. शालनच्या गावची मतं त्यांच्या साखर कारखान्यात होती, म्हणून भेट. ते थेट कॉटपाशी गेले आणि सवयीनं हात उचलला. प्लास्टर दिसलं. हात तसाच वर राहिला, मग त्यांनी बोटाच्या पेरानं दारावर वाजवावं तसं टक टक वाजवलं.

"वा! काय मजबूत काम केलंय. डॉक्टरसाहेब, ही तुमची पद्धत?"

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा परत लावला. "हो," म्हणाले. "इथं आम्ही सुरू केलीय."

मी खाली बघून चार्ट लिहीत राहिलो. दुसरं करणार काय? चेअरमनचा हात आत गेला नव्हता, एवढं मला पुरे होतं.

शालनची नाडी पुन्हा चढली नाही. आधी पाण्याचा घोट, मग पेज, मग तिनं स्वतः भाकरी मागितली. हिमोग्लोबिन स्थिर झालं. स्प्लीन जिथल्या तिथं राहिली. घरी सोडताना मी कवच काढलं, तर आत्तीनं गळा काढायला सुरुवात केली. "ऱ्हाऊ द्या की वो डाक्टर. एवडा गुन आलाय." शेवटी ते रिकामं कवच कापडात गुंडाळून ती गावाला घेऊन गेली. पुढं बरेच दिवस शिराळ्याकडून पोट दुखणारी माणसं यायची आणि औषधाच्या चिठ्ठीकडे बघून म्हणायची, "पलिस्तर न्हाई व्हय घालत?" मोठ्या डॉक्टरांनी डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये "आमच्या पद्धती"वर भाषण दिलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

हे सगळं परवा आठवायचं कारण शालनच. आता ती स्वतः आजी झालीय. नातू सायकलवरून पडला, हँडल पोटात बसलं. माझ्या पुतण्याच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन आली आणि मला घरून बोलावून घेतलं. मी पोराला तपासलं. नाडी उत्तम, पोट मऊ, लघवी साफ, रक्ताचे रिपोर्ट ठीक. पोरगं वडापाव मागत होतं. तिथला तरुण डॉक्टर हळूच म्हणाला, "सर, सीटी करून टाकू या का? पार्टीचा आग्रह आहे."

पार्टी म्हणजे पोराचा बाप.

सीटीवर माझा राग नाही, हे आधी सांगतो. शालनच्या वेळी ती मशीन असती तर तिची कॉट मीच ढकलत नेली असती. चीर कुठं, किती, सगळं डोळ्यांनी दिसलं असतं आणि मोठ्या डॉक्टरांचं तोंड आपोआप बंद झालं असतं. पण ज्या पोराच्या पोटाची काहीच तक्रार नाही, त्याला त्या किरणांतून कशाला काढायचं? लहान मुलांना किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. दिवसभर ठेवून घ्या, पुन्हा पुन्हा तपासा, शंका आली तर मशीन कुठं पळून जात नाही. आजकाल निम्मे सीटी पोराच्या पोटासाठी नसतातच. बापाला डॉक्टरनं काही तरी केल्यासारखं वाटावं म्हणून असतात. आमचं प्लास्टर तेच काम करायचं आणि त्यातून किरणं निघत नव्हती.

मी हे समजावत असताना बाप पोराच्या पोटाला हात लावून दर मिनिटाला विचारत होता, "इथं दुखतंय का रे? आणि इथं?" सहा वेळा नाही म्हटलेलं पोरगं सातव्या वेळी वैतागून "हो" म्हणालं. बाप माझ्याकडे वळला. "बघा सर! दुखतंय. सीटी काढाच."

शालन म्हणाली, "डाक्टर, तुमच्याकडं प्लास्टर हाय का अजून?"

"आहे की."

"मग घाला. पोराला नगो. माज्या ह्या लेकाच्या हाताला घाला."

पोरगं दुसऱ्या दिवशी हसत घरी गेलं. सीटी झाला नाही. प्लास्टरही लागलं नाही. आईचं ते वाक्य ऐकल्यापासून बाप दोन्ही हात खिशात घालून बसला होता.